भागिरथा सिस्टरची अंधारी खोली

माझ्या आईचं लग्न बँडशिवाय लागलं. बँड आणला होता. वाशिमहून आलेली ती लाल कोटातली माणसं मांडवाच्या तोंडाशी बाजली टाकून बसली होती, चहा प्याली होती आणि त्यांनी वाजवायला सुरुवातसुद्धा केली होती. पण नवरीच्या मोठ्या बहिणीनं धावत जाऊन ढोलवाल्याच्या हातातली काठी हिसकली. अनसिंगात ही गोष्ट अजून सांगतात आणि बहुतेक लोक चुकीची सांगतात. कोणी म्हणतं, थोरलीचं लग्न झालं नव्हतं म्हणून धाकटीचं तिला पाहवलं नाही. कोणी म्हणतं, त्या बाईनं अपशकुन केला आणि त्यापायी पुढचं घडलं. मला हे आईनं सांगितलं, आणि पुष्कळ वर्षांनी मावशीनं स्वतः सांगितलं, ते असं.

माझी मावशी भागिरथा सिरसाट. माझे आजोबा जानराव दुसऱ्याच्या वावरात राबणारे. छप्पन्न साली ते नागपूरला दीक्षेला गेले, परत आले आणि दुसऱ्याच दिवशी मुलीला शाळेत घेऊन गेले. पुढे ती अकोल्याला नर्सिंग शिकली आणि तालुक्याच्या दवाखान्यात लागली. पहिल्या वर्षी काही बायका तिच्या हातचं पाणी घेत नसत. गोळी घेत आणि पाणी घरच्या तांब्यातलं पीत. ताप चढला की त्याच बायका "सिस्टर, वो सिस्टर" करून हाका मारत.

तिची एक सवय होती. नव्या रोग्याला ती लगेच हात लावत नसे. आधी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून नुसती पाही. श्वास कसा चाललाय, छाती दोन्हीकडून सारखी वर येते का, ओठांचा रंग काय, हात गप आहेत की चादर चाचपताहेत. मग नाडी, मग ताप, मग विचारपूस. मला म्हणाली होती, "पेशंट तोंडानं एक सांगते आणि आंग दुसरंच सांगून राह्यलं असते. दोघाचंही ऐका लागते."

दवाखान्याच्या टोकाला एक खोली होती. पूर्वी तिथं मोडक्या खाटा ठेवत. खिडकीला काळी घोंगडी ठोकलेली, दाराच्या बिजागरीत तेल, कडीला चिंधी गुंडाळलेली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, बोलायचं ते कानाशी. धनुर्वाताचे रोगी तिथं ठेवत. त्या रोगात जबडा आधी धरतो, मग मान, मग पाठ. उजेड पडला, भांडं वाजलं, खाटेला धक्का लागला, एवढ्याशानंही सगळं अंग धनुष्यासारखं वाकतं आणि श्वास अडकतो. आणि माणूस शेवटपर्यंत शुद्धीत असतो. त्याला सगळं कळतं, सगळं ऐकू येतं.

गावाकडची माणसं त्या खोलीपुढून जाताना आवाज खाली करत. शहराजवळ वांगी-मेथीचा मळा करणारा चंपत तिथंच गेला होता. तगडा माणूस. मावशीनं त्याची सेवा केली होती. शेवटी त्याचे झटके थांबले, घरच्यांनी हात जोडले, आणि त्याच दिवशी तो गेला. त्या खोलीतून चालत बाहेर पडलेला रोगी मावशीनं तोवर पाहिला नव्हता.

शहात्तर सालच्या वैशाखात माझ्या आईचं, म्हणजे लिलाचं लग्न ठरलं. मावशी लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं अनसिंगला आली. मांडवात धावपळ होती. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हार घालायचे होते, पाहुणे उतरत होते. आणि या सगळ्यात माझा मामा गोविंदा खांबाला टेकून हसत होता.

"पाय ना वं, कसा दात काढून राह्यला सकायपासून," एक म्हातारी म्हणाली. "बहिणीच्या लग्नाचा लय आनंद झाला पोराले."

"आता याचाच नंबर हाय," दुसरी म्हणाली. शिरपूरकडची एक मुलगी त्याच्यासाठी पाहिलीही होती.

मावशी हसत त्याच्याकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. रोग्याच्या खाटेपाशी थांबावी तशी. भावाच्या ओठांचे कोपरे मागे ओढलेले होते, भुवया वर चढलेल्या, कपाळावर आठ्या. डोळ्यांत मात्र हसू नव्हतं. डोळे तिच्याकडे काहीतरी मागत होते.

ती जवळ गेली. "गोविंदा, काय होऊन राह्यलं तुले?"

"काई नाई बाई." शब्द दातांच्या फटीतून आले. "मान आखडली. मांडवाच्या बल्ल्या वायल्या ना."

"तोंड उघड."

त्यानं प्रयत्न केला. तिनं बोट आत घालून पाहिलं. नखापुढे जाईना. कालपासून भाकरी चावत नव्हती, त्यानं भाताची पेज पिऊन वेळ काढली होती. घरात लग्न, कोणाला कशाला सांगायचं?

तिनं खाली पाहिलं. उजव्या पायाला हळदीनं पिवळी पडलेली चिंधी होती.

"हे कई लागलं?"

"झाले पाच-सा दिस. शेनखत भरत होतो बंडीत. उकिरड्यात खिया होता, घुसला पायात. मायनं चुना-हळद भरली. बरं हाय आता, दुखत बी नाई."

ती जमिनीवर बसली, चिंधी सोडली. वरून जखम भरून आली होती. तिनं मनातल्या मनात दिवस मोजले. फार थोडे भरले. जखम आणि जबडा यांच्यामध्ये दिवस जितके थोडे, तितका रोग वाईट. हे ती शिकली होती आणि त्या खोलीत तिनं पाहिलंही होतं.

तेवढ्यात बँडवाल्यानं ढोलावर पहिली थाप मारली.

गोविंदाची टाच जमिनीवरून उचलली गेली. मान मागं गेली, पाठ खांबापासून कमानीसारखी सुटली, आणि तो त्याच हसऱ्या तोंडानं मावशीच्या अंगावर कोसळला. लोकांना वाटलं, नाचतोय. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

मावशी तेव्हाच धावली. काठी हिसकून घेतली ती तेव्हा.

"बंद करा! कोणी आवाज करू नका! कोणीच नका करू!"

मांडव गप झाला. आजोबा पुढे आले. रागानं त्यांचा चेहरा काळवंडला होता. "भागे, डोकं ठिकानावर हाय का तुह्यं? नवरदेव दारात उभा हाय."

"बा, हळू बोल. गोविंदाले धनुर्वात झाला."

"हसून तर राह्यला थो!"

"थे हसनं नाई, बा."

आजोबांनी मुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी डोक्याचा फेटा काढून हातात घेतला.

वऱ्हाड एका ट्रकमधून आलं होतं. मावशीनं तोच ट्रक मागितला. वरपक्षाची माणसं कुरकुरली, पण नवरदेव, म्हणजे माझे वडील, ड्रायव्हरला म्हणाले, "घेऊन जा." पाहुण्यांसाठी घातलेल्या गाद्या ट्रकमध्ये टाकल्या. गोविंदाच्या कानात कापूस, डोळ्यांवर लुगड्याची घडी. मावशीनं त्याचं डोकं एका अंगावर वळवून धरलं, म्हणजे तोंडातली लाळ घशात उतरणार नाही. ड्रायव्हरला एवढंच सांगितलं की हॉर्न वाजवायचा नाही आणि खड्डा आला की गाडी चालत्या माणसासारखी न्यायची.

मांडवात त्रिशरण-पंचशील अगदी हलक्या आवाजात म्हटलं गेलं. माझी आई लग्नाच्या पांढऱ्या साडीत उभी होती आणि तिला रस्त्यावरची धूळ तेवढी दिसत होती.

दवाखान्यात डॉक्टर राठोड होते. तांड्यावरून शिकून आलेला, थोडं बोलणारा माणूस. त्यांनी पोट चाचपलं. ते फळीसारखं कडक होतं. जखम पुन्हा उघडून साफ केली. आतून काळं, कुजलेलं निघालं. धनुर्वाताचं विष मारणारी लस घोड्याच्या रक्तातून केलेली असे, काहींना तीच सोसत नसे. म्हणून आधी कातडीत थेंबभर देऊन थांबले, मग पूर्ण दिली. पेनिसिलिन, गुंगीची औषधं, नाकातून नळी.

"अकोल्याला न्यायचं?" मावशीनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"इतक्या लांब, त्या रस्त्यानं... पोहोचणार नाही, सिस्टर." डॉक्टरांनी हात पुसले. "तुमचा सख्खा भाऊ आहे. मी त्या खोलीवर दुसऱ्या सिस्टरला लावतो."

"नका, साहेब. मी बाहेर बसले तरी आत काय चाललंय ते मला दिसतच राहणार. त्यापेक्षा आत असलेली बरी."

डॉक्टरांनी मान डोलावली.

संध्याकाळच्या आत आजी आली. रुख्मिणी तिचं नाव. लग्नातलंच नवं लुगडं, पदराला हळद. दवाखान्याची आया जमनाबाई तिला दारापाशी अडवून उभी होती.

"माह्या लेकाले पाहू दे वं, भागी."

"माय, आत नाई जाता येत."

"मी काई बोलत नाई. निरं पायतो. एक डाव नावानं हाक मारतो, त्याले समजन तरी माय आली म्हनून."

"हाक मारली की त्याले झटका येईन. श्वास बंद पडन."

आजीनं तिच्याकडे पाहिलं. "मायच्या आवाजानं मरते का कोनी?"

मावशी म्हणाली, "या रोगात मरते."

आजी मागं सरकत अंगणातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसली. तिथून तिला खोलीचं दार दिसत होतं. ती तिथंच राहिली, तिथंच जेवली, तिथंच पडली. बांगड्या वाजतील म्हणून तिनं त्या एकेक करून काढल्या आणि पदरात बांधून ठेवल्या. तशी दारापर्यंत आवाज जाईल इतकी ती जवळ नव्हतीच.

आत मावशीचे दिवस सुरू झाले. घोंगडीमुळे खोलीत दुपारीही संध्याकाळ असे. गोविंदाला काहीही करायच्या आधी ती कानाशी ओठ नेई. "गोविंदा, मी हाय. आता कूस बदलाची हाय." न सांगता लावलेला हातसुद्धा झटका आणी. म्हणून ती सगळी कामं गुंगीच्या औषधानंतर एकत्र करून घेई: कूस, पाठ पुसणं, तोंड साफ करणं, लघवीची नळी पाहणं, नाकातल्या नळीतून दूध, मग पुन्हा त्याला एकटं शांत सोडणं. चमच्याला कापड गुंडाळून तो दातांत ठेवायचा, म्हणजे झटक्यात जीभ चावली जाणार नाही. घशात कफ घुरघुरला की पायानं दाबायच्या यंत्रानं ओढून काढायचा. आणि उरलेला सगळा वेळ अंधारात बसून त्याचा श्वास ऐकायचा.

एकदा, औषधाचा जोर थोडा उतरला असताना, तो दातांतून पुटपुटला, "लगन लागलं?"

"लागलं."

"बँड?"

"वाजला नंतर," ती खोटं बोलली.

त्यानं पापण्या मिटल्या. त्याला भीती वाटत होती. ती मावशीला त्याच्या मनगटात कळत होती. तिची बोटं तिथं असली की नाडी जरा खाली बसे. तिनं बोटं काढली की पुन्हा पळे. म्हणून जमनाबाईनं आणलेली भाकर ती डाव्या हातानं खाई.

झटके वाढत गेले. एका झटक्यात तो निळा पडला. डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन लावला, श्वास परत आला. बाहेर अंगणात काहीच ऐकू गेलं नव्हतं, तरी आजी उठून उभी राहिली होती, असं जमनाबाईनं सांगितलं.

आणि मग एका सकाळी झटके विरळ झाले. दहा वाजेपर्यंत एकही आला नाही. जबडा सैल पडला. चेहऱ्यावरचं ते ओढलेलं हसू गेलं आणि अनसिंगच्या गोविंदाचा चेहरा परत आला. जमनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, उतरलं वो!" ती कुजबुजली. "तुमच्या भावाचं उतरलं."

मावशी पायथ्याशी जाऊन उभी राहिली. पाहिलं. त्याच्या कपाळावर घामाचे थर होते. पुसले की पुन्हा येत. नाडी सुसाट होती, मग एकाएकी मंद, मग पुन्हा सुसाट, आणि त्याला ना आवाजाचं कारण ना हालचालीचं. थर्मामीटर नेहमीपेक्षा लवकर वर चढला आणि थांबला तो फार उंच. छातीच्या तळाशी ओलं घुरघुरत होतं. नखं पाहायला तिनं घोंगडीचा कोपरा जरा उचलला. उजेड थेट त्याच्या डोळ्यांवर पडला आणि त्याला झटका आला नाही. अंगात झटका द्यायचीही ताकद उरली नव्हती.

चंपतचं असंच झालं होतं.

डॉक्टर आले, नळी छातीला लावली, ब्लडप्रेशर दोनदा घेतलं. दोन्ही वेळा निराळं आलं. त्यांनी मावशीकडे पाहिलं आणि मावशीनं त्यांच्याकडे. डॉक्टरांनी एक इंजेक्शन सांगितलं. ते तिनं दिलं, आणि त्याचा उपयोग किती होणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग ती अंगणात गेली. बाहेरच्या उन्हानं तिचे डोळे दिपले.

"माय, चाल आत."

आजीला आधी खरंच वाटलं नाही. "मले जाऊ देतं?"

"हो."

"बरा झाला?"

मावशीनं मला सांगितलं, तिथं ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. म्हणाली, "झटके थांबले."

आजीनं नळावर तोंड धुतलं. केस नीट केले. पदराची गाठ सोडून बांगड्या परत हातात घातल्या, लेकानं आपल्याला ओक्याबोक्या हातांनी पाहू नये म्हणून. मग लग्नाला निघाल्यासारखी ती त्या दाराकडे निघाली. दवाखान्यातली बाकीची माणसं हसून तिच्याकडे पाहत होती. रोज तिथं बसलेली म्हातारी आज आत चालली होती.

उंबऱ्याशी तिनं विचारलं, "हळूच बोलू?"

"नाई. पाह्यजे तसं बोल."

मावशीनं घोंगडी पुरती बाजूला केली. खोलीत उजेड आला. आजी खाटेवर बसली, लेकाच्या छातीवर हात ठेवला.

"गोविंदा, कसा शांत दिसतं रे. लय भेव दाखवलं तू." आणि मग ती बोलतच सुटली. कपिला गाय व्याली, गोऱ्हा झाला, पांढरा टिळा आहे. धुऱ्यावरचा आंबा औंदा लदबदला. तुझ्या बापानं बंडीचं चाक अजून दुरुस्त केलं नाही, तूच ये आणि कर. शिरपूरवाले भेटले होते, थांबायला तयार आहेत, पोरगी चांगली आहे, रंगानं सावळी पण कामाची. ती मोठ्यानं बोलत होती, मध्येच हसत होती, बांगड्या वाजत होत्या. त्या खोलीत इतका आवाज मावशीनं कधी ऐकला नव्हता.

गोविंदाच्या पापण्या दोनदा हलल्या. मावशी मनगट धरून उभी होती. आजी चाकाबद्दल पुन्हा सांगू लागली तेव्हा मावशीच्या बोटांखालची नाडी अडखळली, थोडी चालली आणि पुन्हा लागली नाही. मावशीनं आजीचं वाक्य पुरं होऊ दिलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. माझ्या आईला सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हटलं. वडील तिच्या बाजूनं उभे राहिले, म्हणून ती टिकली. मावशी सुतक संपायच्या आत कामावर गेली. बँडची गोष्ट गावभर झाली.

आजीनं एक अक्षर विचारलं नाही. पावसाळा गेला. मावशी सुटीवर घरी आली होती, तेव्हा तुरीची डाळ निवडता निवडता आजी एकदम म्हणाली, "भागी, त्या दिवशी तुले मालूम होतं ना?"

"हो माय."

आजी खडे काढत राहिली. "मंग मले सांगाचं होतं," ती म्हणाली. "मी त्याले गाईच्या अन् चाकाच्या गोष्टी सांगत बसली."

मावशीला वाटलं होतं, भीती न बाळगता बोललेली माय त्याला ऐकू जावी. तो शुद्धीत होता. आजी रडली असती तर त्याला सगळं कळलं असतं. हे तिनं आजीला सांगायचा प्रयत्न केला की नाही, ते मला तिनं सांगितलं नाही. आजी सूप घेऊन उठली आणि आत गेली. त्यानंतर बरीच वर्षं त्या दोघी कामापुरतंच बोलल्या. वस्तीत कोणाच्या पायात काटा किंवा खिळा गेला की मात्र आजी त्याच्या दारात जाऊन उभी राही आणि तो दवाखान्याच्या वाटेला लागेपर्यंत हलत नसे.

मावशी त्या खोलीवरच राहिली. पुढं त्यातून काही जण वाचले. हौसाबाई नावाची एक बाई तर चालत घरी गेली. जे वाचणार नव्हते त्यांच्या माणसांना मावशी आत सोडण्याआधी पायरीवर बसवून खरं ते सांगू लागली. काही जण डोळे पुसून आत जात. काही जण ऐकून तिथंच बसून राहत, आणि आत जायची त्यांची हिंमत होत नसे. सांगणं बरोबर की न सांगणं, ते आपल्याला कधीच कळलं नाही, असं ती म्हणाली.